पहिल्या टर्ममधे मॅथ्सला कमी पडले म्हणून

अरे, परवा तुझ्या वडिलांचा फोन आला होता. म्हणाले पोरगं पुण्याला गेल्यापासून नीट बोलतच नाही, बरं चाललंय म्हणतं आणि फोन ठेवतं. इनसेमला, म्हणजे टर्मच्या मधल्या परीक्षेला, मॅथ्सचे मार्क कमी आले एवढं त्यांच्या कानावर आलंय, किती ते तू सांगितलेलं नाहीस, आणि मलाही सांगू नकोस, आत्ता त्या आकड्याचं काही करायचं नाहीये. मी इतकी वर्षं फर्स्ट इयर इंजिनिअरिंगलाच मॅथ्स शिकवतेय, तुझ्यासारखी बारावीला पीसीएमला झकास मार्क पडलेली पोरं पहिल्या टर्मला गप्प झालेली दरवर्षी बघते. तुझी बुद्धी काही दोन महिन्यात कमी झालेली नाही बाबा, हे आधी डोक्यातून काढ.

झालंय काय तर सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, मॅथ्सचे 50 प्रश्न, प्रत्येकाला 2 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं क्लासमधे तुझ्याकडून घोटून घेतलं ते हेच की ऑप्शन बघ, किंमत टाकून बघ, दोन ऑप्शन उडव आणि पुढे चल. त्या परीक्षेला तेच लागतं आणि त्याच्याच जोरावर तुला कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, ही सीट मिळाली, तेव्हा त्या मेहनतीला नावं ठेवू नकोस. पण एंडसेमचा, म्हणजे टर्मच्या शेवटच्या परीक्षेचा, पेपर 70 मार्कांचा लेखी, तिथे ऑप्शनच नाहीत. मॅट्रिक्सची रँक काढायची तर एकेक रो ऑपरेशन लिहून दाखवावं लागतं. शेवटी आकडेमोड चुकली पण रीत बरोबर असली तर आम्ही स्टेपचे मार्क देतो, आणि नुसतं उत्तर बरोबर पण मधलं काहीच नाही तर द्यायचे कशाचे? तुला गणित येत नाही असं नाहीये, ते कागदावर मांडायची सवय दोन वर्षात मोडलीये, ती परत लावायची.

त्यासाठी एकच कर. लेक्चरला फळ्यावर सोडवलेलं उदाहरण त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून कोऱ्या पानावर परत सोडव. वाचू नकोस, सोडव. फळ्याकडे बघताना सगळंच कळतं, सगळ्यांनाच कळतं, पेन हातात घेतल्यावर पाचव्या ओळीला गाडी अडते. मॅट्रिक्समधल्या आयगेन व्हेक्टरच्या उदाहरणाला कुठे अडते ते तर मी इथे बसून सांगते, आधी काढलेली लॅम्डाची, म्हणजे आयगेन व्हॅल्यूची, किंमत परत ठेवली की समीकरणं तीन दिसतात आणि कधीकधी तिन्ही एकच निघतात, मग पोरं घाबरून खोडतात, वाटतं आपलंच चुकलं. चुकलेलं नसतं रे, तिथे दोन चलांच्या किमती आपणच ठरवायच्या असतात आणि तिसरी काढायची. ज्या ओळीला अडलास तिच्यासमोर पेन्सिलने फुली मार, तोच तुझा डाऊट. "सर मला मॅट्रिक्स कळत नाही" असं म्हणालास तर सर तरी कुठून सुरुवात करणार, पण ही ओळ दाखवलीस तर पाच मिनिटात काम होतं.

आणि दाखवायला जा. क्लासमधे दर रविवारी टेस्ट, गैरहजर राहिलास की घरी मेसेज, तुझ्यामागे सतत कोणीतरी असायचं. इथे हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागेपर्यंत कोणी विचारायला येत नाही, आणि नेमकी गुणी पोरंच गप्प बसून मागे पडतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. स्टाफरूमच्या दारात घुटमळत बसू नकोस, सरळ आत जा, एकट्याला धीर होत नसेल तर दोघं जा. इंग्लिशमधे वाक्य जुळत नसेल तर मराठीत विचार, माझ्याकडे तर अर्धी पोरं मराठीतच विचारतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

इंजिनिअरिंग ग्राफिक्सबद्दल, म्हणजे ड्रॉइंगच्या विषयाबद्दल, एक. हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री काच, खाली बल्ब, वर दुसऱ्याची शीट ठेवून जीटी मारायचा, म्हणजे ग्लास ट्रेसिंग करून ड्रॉइंग उतरवायचा, धंदा जोरात चालतो, तुलाही कोणीतरी बसवेल. पहिल्या दोन-तीन शीट तरी नको. टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली का येतो हे हाताने ड्राफ्टर (रेघा मारायची पट्टी) लावून काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही, आणि परीक्षेत बल्ब नसतो. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, दुसऱ्याचं बघून छापण्याचं तेवढं मनावर घेऊ नकोस, वेळेत सही झाल्याशी मतलब.

दर शुक्रवारी एसटी पकडून गावी जातोस असंही कळलं. आईला बरं वाटतं, तुलाही वाटतं, पण जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासात मोडतात आणि हॉस्टेलवरच्या पोरांशी ओळख व्हायची ती शनिवार-रविवारीच होते, मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते तेव्हा चौघं मिळून कुठेतरी जेवायला जातात ना, त्यात. एंडसेमपर्यंत महिन्यातून एकदाच जा असं माझं मत आहे. गेलास की मेसवाल्याला आधी सांगून खाडा लावून घे, ते पैसे सुटतात. आणि फोनवर वडिलांना खरं सांग, फी आणि मेसचे पैसे जुळवताना त्यांची ओढाताण होतेय हे तुला माहितीये म्हणून तू लपवतोस, पण न सांगण्याने ते जास्त धास्तावलेत.

पैशावरून आठवलं, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचा, फॉर्म भरलास का? तुमची जमीन अल्पभूधारकात बसते, तर फीच्या स्कॉलरशिपसोबत पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यालाही अर्ज कर, पोरं तो विसरतात. बँक खात्याला आधार लिंक आहे ना ते बघ, आणि फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला अडकून राहतो म्हणून स्कॉलरशिपच्या क्लार्ककडे आठवड्याला चक्कर मार.

झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सगळं सोडून यावंसं वाटत असेल तर अभ्यास राहू दे, आधी मला फोन कर, रात्री कितीही वाजता. माझ्याशी नको वाटलं तर 14416 वर कर, टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

येत्या शनिवारी गावी न जाता माझ्या घरी ये. वही आण, फुल्या मारलेली. जेवायलाच थांब, आणि रूममेटला यायचं असेल तर त्यालाही घेऊन ये, फक्त किती जण येताय ते शुक्रवारी सांग.