वनामीचा रोग शेजारच्या तळ्यातल्या झिंग्याला लागतो का?

खारपाणपट्ट्यात शेजारी वनामी कोळंबी सोडतोय, बांधाअलीकडे तुमचा गोड्या पाण्यातला झिंगा आहे, आणि त्याच्या मालाला विषाणू लागला तर तुमच्यात येईल का, असं तुम्ही विचारलंय. येऊ शकतो, भाऊ. आणि तुमच्याकडून त्याच्याकडेही जाऊ शकतो, त्याचा विचार आधी करा.

पांढऱ्या ठिपक्यांचा व्हाईट स्पॉट हा विषाणूचा रोग 1994 पासून भारतात आहे. वनामीत शिरला की 3 ते 10 दिवसांत तळ्यातला सगळा माल मरतो. मोठा झिंगा मात्र तोच विषाणू अंगात घेऊन सहसा खातपीत राहतो, वजनही देतो. खेकडेही तो बाळगतात. व्हाईट टेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचा रोग, याच्या उलट. तो झिंग्याच्या पिल्लांचा काळ. शेपटीचं मांस शिजवल्यागत पांढरं होतं आणि पिल्लं पटापट मरतात. प्रयोगात वनामीला हा विषाणू टोचला तर ती मेली नाही, पण तो तिच्या अंगात सापडला. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या जातीवर जास्त नजर ठेवावी लागते. चीनमध्ये 2014 साली सापडलेला डीआयव्ही-1 हा विषाणू तर वनामी आणि झिंगा दोघांनाही मारतो. त्यात झिंग्याच्या डोक्यावर, पुढे आलेल्या करवतीसारख्या काट्याच्या बुडाशी, पांढरा त्रिकोण दिसतो. एका तळ्यात दोन्ही जाती टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

माझा सगळा जोर बीजावर, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांवर, असतो. पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, त्यामुळे हॅचरी समुद्रकाठी, आणि आपल्याकडे बीज येतं ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. त्याच लॉटचा पीसीआर रिपोर्ट, म्हणजे विषाणू आहे का ते दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी, मागा. जुना कागद दाखवला तर माल परत. मी थोडी पिल्लं पांढऱ्या घमेल्यात ओतून उन्हात शेपट्या बघतो. पण प्रवासाच्या दगदगीनेही मांस पांढरं पडतं, त्यामुळे निव्वळ डोळ्यांवर निकाल देत नाही.

दोन्ही तळ्यांत एकच जाळं फिरवू नका. बांधाला बारीक जाळी लावा, खेकडे थांबतात. बगळे मेलेली कोळंबी उचलून दुसऱ्या तळ्यात टाकतात, त्याला दोऱ्या ताणणं एवढंच हाती आहे. अँटिबायोटिक विकणारा आला तर चहा पाजून वाटेला लावा, विषाणूवर ते चालत नाही. रोहू-कटल्याला हे रोग लागत नाहीत, खाणाऱ्या माणसालाही नाही.

आणि शेजाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा: माल मेला तर ब्लीचिंग टाकल्याशिवाय पाणी नाल्यात सोडायचं नाही.