मातीतले रोगकारक जिवाणू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या शेतातली टोमॅटोची झाडे फळे धरण्याच्या सुमारास हिरवीगार असतानाच अचानक माना टाकतात. माती परीक्षणाच्या अहवालात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश सगळे योग्य प्रमाणात आहे. मातीत रोगजंतू असतील, तर ते या अहवालात का दिसले नाहीत? ते शोधण्यासाठी नेमके काय करावे?

उत्तर : नेहमीच्या माती परीक्षणात नमुना वाळवून, कुटून, चाळून घेतात आणि त्यातली अन्नद्रव्ये मोजतात, जिवाणू त्यात पाहिलेच जात नाहीत. त्यामुळे तुमचा अहवाल चुकीचा नाही, पण तुमच्या शंकेशी त्याचा संबंधही नाही. जिवाणूंची तपासणी वेगळी मागावी लागते आणि ती मागताना कोणता जिवाणू शोधायचा आहे, हे नावानिशी सांगावे लागते. एक ग्रॅम मातीत साधारणपणे १० कोटी ते १०० कोटी जिवाणू असतात, त्यांच्या प्रजाती हजारोंच्या घरात जातात, आणि त्यांतले बहुसंख्य निरुपद्रवी, कितीतरी तर पिकाला उपकारकच असतात. 'मातीत जिवाणू आहेत का' असे मोघम विचारले, तर कोणत्याही मातीबद्दल 'आहेत' एवढेच उत्तर मिळेल.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय राल्स्टोनिया सोलॅनेशिअरम या जिवाणूवर जातो, कारण फ्युजेरिअम बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात, तर जिवाणूजन्य मर रोगात झाड हिरवे असतानाच कोमेजते. प्रयोगशाळेकडे जाण्याआधी शेतातच एक चाचणी करून पाहावी. नुकतेच मान टाकलेले झाड निवडा, पूर्ण वाळलेले नको. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार सुरीने कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन, कापलेले टोक पाण्यात बुडेल अशा बेताने तो टांगून ठेवा. ग्लास हलवू नका. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ, बारीक धागे सरळ खाली उतरू लागले, तर खोडाच्या जलवाहिन्या जिवाणूंनी भरल्या आहेत असे समजावे. बुरशीजन्य मर रोगात असे धागे दिसत नाहीत.

ही चाचणी झाडाबद्दल सांगते. मातीबद्दल जाणून घ्यायचे असेल, तर सगळी भिस्त नमुन्यावर असते. रोगजंतू शेतात सारखे पसरलेले नसतात, ते ठिकठिकाणी दाटलेले असतात. म्हणून रोगट झाडांच्या मुळांभोवतीची, सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती अनेक जागांहून घेऊन एकत्र करावी आणि निरोगी भागातला नमुना पूर्णपणे वेगळा ठेवावा. दोन जागांच्या मध्ये खुरपे धुऊन ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. अन्नद्रव्यांच्या तपासणीसाठी आपण माती सावलीत वाळवतो. इथे नेमके उलटे करायचे आहे. माती आहे तशी ओलसर, नव्या पिशवीत बंद करून थंड डब्यातून, शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. ती वाळवू नये, उन्हात ठेवू नये आणि गोठवूही नये.

प्रयोगशाळेत ही माती निर्जंतुक पाण्यात ढवळून टप्प्याटप्प्याने दहा-दहा पट पातळ करतात आणि निवडक माध्यमाच्या प्लेटवर पसरवतात. निवडक म्हणजे, ज्यात घातलेल्या प्रतिजैविकांमुळे इतर बहुतेक जिवाणू दबले जातात आणि हवा असलेला जिवाणू वाढू शकतो. राल्स्टोनियासाठी त्यात टेट्राझोलिअम हे रसायनही घालतात. रोगक्षम जिवाणूंच्या वसाहती त्यावर पांढरट, ओघळल्यासारख्या आणि मध्यभागी गुलाबी दिसतात, तर रोगक्षमता गमावलेल्यांच्या वसाहती लहान, गोल आणि गडद लाल होतात. रंगसंगती पटण्यासारखी असली, तरी तेवढ्यावर निदान पक्के करू नये. त्या वसाहतीची पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तपासणीने, ओळख पटवून घेतली पाहिजे. शिवाय संशयित मातीत टोमॅटोची निरोगी रोपे लावून ती कोमेजतात का, हे पाहण्याची पद्धत आहे. तिला वेळ लागतो, पण मला ती आजही फार मोलाची वाटते, कारण त्या मातीतला जिवाणू जिवंत आहे आणि रोग घडवू शकतो, या दोन्ही गोष्टी रोपच दाखवून देते.

प्रश्न : एकाच नमुन्याचा डीएनए तपासणीचा अहवाल 'आढळला' असा आला आणि प्लेटवरच्या तपासणीचा 'आढळला नाही' असा. यांतला खरा कोणता मानावा?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. पीसीआर तपासणी डीएनएचा ठरावीक तुकडा शोधते. तो जिवंत जिवाणूचा आहे की मेलेल्या, हे तिला कळत नाही. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए मातीच्या कणांना, विशेषतः चिकणमातीला, चिकटून बराच काळ टिकून राहतो. उलट प्लेटवर फक्त तिथे वाढू शकणारेच दिसतात. मातीतल्या एकूण जिवाणूंपैकी साधारण प्लेटवर वाढणारे जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतात, आणि काही रोगकारक जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत जिवंत असूनही वाढायचे थांबतात. जिवंत-मृताचा फरक करण्यासाठी काही प्रयोगशाळा नमुन्यावर आधी प्रोपिडिअम मोनोअ‍ॅझाइडची प्रक्रिया करतात. हा रंग आवरण फाटलेल्या, म्हणजे मृत पेशींत शिरून त्यांच्या डीएनएला बांधला जातो, त्यामुळे पीसीआरमध्ये तो डीएनए मोजला जात नाही. मातीच्या नमुन्यात मात्र ही प्रक्रिया नेहमीच पूर्ण परिणामकारक ठरते असे नाही.

याहून फसवी असते ती पीसीआरची खोटी 'नाही'. मातीला काळपट रंग देणारी ह्युमिक आम्ले डीएनएबरोबर वेगळी होऊन येतात आणि पीसीआरची प्रक्रियाच रोखतात. जिवाणू असूनही यंत्र गप्प राहते. म्हणून प्रत्येक नमुन्यात ओळखीचा थोडा डीएनए मुद्दाम मिसळून तो सापडतो का, हे तपासायला हवे. तुमच्या अहवालात या अंतर्गत नियंत्रणाचा निकाल दिलेला नसेल, तर तो जरूर मागून घ्यावा. तपासणी किती ग्रॅम मातीवर झाली आणि एका ग्रॅममध्ये किमान किती जिवाणू असले तर ही पद्धत ते पकडू शकते, हेही विचारावे. या दोन आकड्यांशिवाय 'आढळला नाही' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्न : बागकामासाठी आणलेली माती धनुर्वाताच्या जंतूंसाठी आधी तपासून घ्यावी का?

उत्तर : नको. आर्थर निकोलायर यांनी १८८४ मध्ये बागेतली माती प्राण्यांना टोचून धनुर्वात होतो हे दाखवले, आणि १८८९ मध्ये कितासातो शिबासाबुरो यांनी हा जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्यांनी वापरलेली युक्ती पुढेही उपयोगी पडली : नमुना तापवला की साधे जिवाणू मरतात, उष्णता सोसणारे बीजाणू, म्हणजे जिवाणूंची सुप्त, टणक रूपे, उरतात आणि ते प्राणवायूविरहित वातावरणात वाढवता येतात. पण हे बीजाणू जगभरच्या मातीत आढळतात, त्यामुळे एखाद्या कुंडीतल्या मातीत ते सापडले नाहीत म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. तपासणीवर खर्च करण्यापेक्षा धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा घ्यावी, हातमोजे वापरावेत आणि मातीने माखलेली जखम लगेच धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : काळपुळीने मेलेली जनावरे अनेक वर्षांपूर्वी पुरलेल्या जागेची माती आम्ही स्वतः खणून तपासणीला पाठवली तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. या जिवाणूचे, म्हणजे बॅसिलस अँथ्रासिसचे बीजाणू मातीत कित्येक दशके टिकतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या जिवाणूच्या लष्करी चाचण्या झाल्या. ते बेट १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेल्या फॉर्माल्डिहाइडने निर्जंतुक करावे लागले आणि १९९० मध्ये सुरक्षित जाहीर झाले. शिवाय मातीत बॅसिलस सीरिअस हा त्याचा अगदी जवळचा नातलग सर्रास असतो. दोघांतला फरक ठरवण्यासाठी अँथ्रासिसमधल्या, विष आणि आवरण तयार करणाऱ्या दोन प्लाझ्मिडांचा, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांचा, शोध घ्यावा लागतो, आणि ते काम पुरेशा जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होते. खणल्याने बीजाणू वर येतात आणि धुळीबरोबर श्वासातही जाऊ शकतात. जागेला कुंपण घालावे, तिथे गुरे चारू नयेत आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. नमुना घ्यायचा की नाही आणि कसा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.