ज्या उपासनेत आपले काहीच खर्ची पडत नाही, ती अपुरी ठरते का?

होय, बायबलच्या दृष्टीने ती अपुरीच राहते. अरवना नावाचा यबूसी (यरुशलेमच्या मूळ रहिवाशांपैकी एक) आपले खळे, बैल आणि जळणासाठी औतांचे लाकूडसुद्धा फुकट देऊ करत असता दावीद राजाने ५० शेकेल (वजनाचे जुने माप) चांदी मोजून खळे व बैल विकत घेतले, कारण स्वतःला काहीच खर्च न पडलेले होमार्पण त्याला परमेश्वरापुढे ठेवायचे नव्हते (२ शमुवेल २४:२४). हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. प्रेषित पौल तर आपली शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो (रोमकरांस पत्र १२:१), म्हणजे रविवारच्या गीतांइतकेच आठवडाभराचे श्रमही उपासनेत मोडतात. मात्र त्यागाने तारण, म्हणजे पापापासून सुटका, विकत मिळत नाही, ते कृपेनेच मिळते. शिवाय देवाला वाहिल्याचे सांगून आईवडिलांचा आधार काढून घेणाऱ्यांना येशूने स्पष्ट दोष दिला आहे (मार्क ७:९-१३).