अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या वास्को काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) रजनीशपुरम सोडून आणखी काही आहे का?

आहे की! रजनीशपुरम म्हणजे ओशो रजनीशांचा आश्रम; त्यांचा तिथला मुक्काम जेमतेम चार वर्षांचा. ते पुण्याहून तिकडे गेले म्हणून आपल्याकडे तेवढंच माहीत असतं.

पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेला निघालात की दीडेक तासात द डॅल्स येतं, काउंटीचं मुख्य ठिकाण. निघताना दोन्ही बाजूंना ओली, शेवाळलेली झाडी. पोहोचेपर्यंत डोंगर बोडके झालेले असतात. पावसाचे ढग कॅस्केड पर्वत अडवतो. महाबळेश्वरहून माणदेशात उतरावं, तसंच. गावाभोवती पाण्यावरच्या चेरीच्या बागा, दक्षिणेला डफरकडे कोरडवाहू गहू.

१८५४ मध्ये काउंटी झाली तेव्हा ती थेट रॉकी पर्वतापर्यंत पसरलेली होती. सुमारे १,३०,००० चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून मोठी! पुढे तुकडे पडत गेले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २६,६७०.

मला विचाराल तर इथली खरी गोष्ट कोलंबिया नदीवरच्या सेलिलो धबधब्याची. हजारो वर्षं मूळनिवासी लोक तिथे खडकांवर मचाणं बांधून लांब दांड्याच्या जाळ्यांनी सॅमन मासे धरत. दूरदूरच्या जमाती व्यापाराला येत. १८५५ च्या करारांत जमिनी गेल्या, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. मग १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा बुडाला. भरपाई मिळाली, पण पैशाला सॅमन लागत नाहीत. सेलिलो गाव मात्र अजून आहे, महामार्गाला खेटून. वसंतात पहिल्या सॅमनची मेजवानी आजही होते.

धरणाच्या स्वस्त विजेवर आधी अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना चालला. २००६ पासून गूगलचं डेटा सेंटर आहे. ते किती पाणी पितं हे शहराचं प्रशासन सांगायला तयार नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये कळलं की गावाच्या पाण्यातला पाव हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, तिकडे जातो.

आता रजनीशपुरम. १९८१ मध्ये आश्रमासाठी ६४ हजार एकरांचं रँच, म्हणजे गुरांचं मोठं शेत, विकत घेतलं गेलं. शेजारचं अँटेलोप पन्नासेक वस्तीचं; ते मतांच्या जोरावर ताब्यात घेऊन त्याचं नावही ‘रजनीश’ केलं. १९८४ मध्ये तर काउंटीची निवडणूक जिंकायची म्हणून काही अनुयायांनी द डॅल्समधल्या दहा रेस्टॉरंटांत सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू कालवले. ७५१ माणसं आजारी पडली. लोकांनी मतदानाला येऊ नये म्हणून हा उद्योग! १९८५ मध्ये सगळं आटोपलं, अँटेलोपने जुनं नाव परत घेतलं.

जायचं असेल तर जूनअखेर जा, चेरी मिळतील. आश्रम बघायला मात्र जाऊ नका. तिथे आता ख्रिस्ती तरुणांची शिबिरं भरतात.