जळगावात पश्चिममुखी घरासमोर २० बाय १८ फूट जागा आहे, दिसायला छान आणि कामाची बाग कशी करावी?

ताई, नवीन घर, तोंड पश्चिमेला, एक कार, दोन टू-व्हीलर, पाणी दिवसाआड, सासूबाईंना पूजेची फुलं पाहिजेत आणि तुम्हाला लॉन पाहिजे, असं सगळं तुम्ही लिहिलंय. मी पाचोऱ्याकडचा, ठिबक बसवायचं काम करतो, शेतात तर करतोच पण आजकाल बंगल्यांची कामं पण बरीच येतात, त्यामुळे लोकांची अंगणं मला जुलैमध्येही दिसतात आणि मेमध्येही. आपण नर्सरीत जातो पहिला पाऊस पडल्यावर, तेव्हा तिथे सगळंच टवटवीत असतं, हे पण घेऊ ते पण घेऊ करत गाडी भरून आणतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की त्यातलं निम्मं करपून काड्या उरतात. मोबाइलवर जे फोटो बघतो ना आपण, ते पुण्या-बंगलोरच्या हवेतले असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बाग मे महिन्यासाठी आखा. मेमध्ये जी टिकते ती जुलैमध्ये चांगलीच दिसते, उलटं होत नाही.

आता आधी झाडं बाजूला ठेवा. चुन्याची फक्की घ्या आणि जमिनीवर आखा की गाडी कुठे, माणसं कुठून चालणार, चपला कुठे. लहान गाडी ४ मीटरच्या आतली असते म्हणजे १३ फूट, पण दार उघडून माणूस उतरला पाहिजे, मागे डिकी उघडली पाहिजे, म्हणून १० बाय १६ धराच. गेटपासून दारापर्यंत ४ फुटांची वाट ठेवा, साडेतीन पण चालते पण फ्रीज, कपाट, गॅसची टाकी आणि पूजेला आलेल्या चार बायका एकदम जायच्या तर ४ बरी. टू-व्हीलर या वाटेच्या कडेला नाही तर कारच्या मागे, पण त्यांची जागा आज ठरवली नाही तर त्या तुमच्या वाफ्यातच उभ्या राहतील हे लिहून घ्या. आणि अंडरग्राउंड टाकीचं झाकण, चेंबर, नळाचा व्हॉल्व्ह, मीटर हे सगळं कुठे आहे ते पण आखा, त्याच्यावर कुंडी ठेवायची नाही, फरशी लावायची नाही. गेटसमोरच्या गटारीवर पक्का स्लॅब टाकून त्यावर कुंड्यांची रांग लावणारे मी बघितलेत, मग गटार तुंबली की सगळी रांग हलवा.

एक जागा कोणी सांगत नाही ती म्हणजे वाळवणाची. आपल्या घरात मार्च-एप्रिलमध्ये बिबड्या, कुरडया, पापड, मिरच्या, वर्षाचे गहू, हे कुठे घालणार? गच्चीवर घालू म्हणाल तर सासूबाईंचे गुडघे जिना चढायला तयार आहेत का ते विचारा. अंगणात एक खाटेएवढी जागा स्वच्छ फरशीची, वरती काही नसलेली, ऊन येणारी, ठेवाच. हीच जागा हिवाळ्यात भरीत पार्टीला कामाला येते (फक्त तुरखाट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, पेटवताना ठिबकची नळी तिथून गेलेली नाही ना ते बघा, वितळलेली नळी बदलायला मला फोन येतो तेव्हा लोक कारण सांगत नाहीत पण वास येतोच).

जमीन. तुमच्याकडे बहुतेक काळीच असणार. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) लावले तर दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात, कंपाउंडला तडे जातात ते पण याच कारणाने. जिथे फरशी किंवा गट्टू येणार तिथली काळी माती फूट-दीड फूट काढा, मुरूम भरा, पाणी मारून चांगला दाबून घ्या, मग वरचं काम. उतार दर १० फुटाला २ इंच, गेटकडे, घराकडे अजिबात नको. काढलेली माती फेकू नका, वाफ्यात लागेल. फरशीचं म्हणाल तर चकचकीत टाइल बाहेर लावू नका, पावसात पाय सरकतो. खरखरीत शहाबादी किंवा गट्टू चालतील, गट्टू घेतले तर हलक्या रंगाचे घ्या कारण गडद रंगाच्या गट्टूवरून मे महिन्यात दुपारी अनवाणी जाऊन बघा म्हणजे कळेल, आणि ती धग रात्रीपर्यंत घरात येत राहते.

वाफे भिंतीला चिकटून करू नका, हे जरा ठासून सांगतो. पायाच्या बाजूची काळी माती रोज ओली ठेवली की ती फुगते, पाणी तोडलं की आकसते, आणि पायाला हे सोसत नाही. घराच्या भिंतीपासून २-३ फूट कोरडे ठेवा, तिथे खडी टाका किंवा कुंड्या ठेवा. वाफा कंपाउंडच्या बाजूने पण थोडं अंतर सोडून, ९ इंच उंच, आणि त्यात काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारख्या भागाने. भरायच्या आधी खणून बघा बरं का, बांधकामवाले सिमेंटच्या गोण्या, प्लॅस्टर, विटांचे तुकडे सगळं समोरच पुरून ठेवतात.

आता लॉन. तुमचं मन मोडतोय पण हिशोब बघा. गाडी, वाट, वाळवण जाऊन तुमच्याकडे समजा १०० चौरस फूट उरले म्हणजे ९ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्या उन्हाळ्यात गवताला रोज ६-७ मिलिमीटर तरी पाहिजे, झाले ५५-६० लिटर रोज, आणि पाइपने मारलं तर उडून, वाहून जाणारं वेगळं. तेवढ्याच ६० लिटरमध्ये ठिबकवर १५ झाडं भिजतात, ती पण दिवसाआड. म्हणजे निम्म्या पाण्यात तुमची अख्खी बाग. वरून लॉन कापायचं, तण काढायचं, आणि पश्चिमेच्या उन्हात ते पिवळं पडायचं ते पडतंच. हौस असेल तर दारापाशी चटईएवढा एक तुकडा करा, सकाळी पाय टेकवायला. तिथे साधी हरळी पण चालते, गणपतीत दूर्वा घरच्या. बाकी जमिनीवर वाळलेला पालापाचोळा नाही तर खडी पसरा, माती झाकलेली असली की पाणी टिकतं.

सावलीचं गणित हे खरं महत्त्वाचं. मे महिन्याच्या शेवटी आपल्या जळगावात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायातच. तेव्हा त्रास बाराला नाही, दोननंतर सुरू होतो, सूर्य पश्चिमेला उतरतो आणि मावळताना तो नेमक्या पश्चिमेला नसतो, वायव्येकडे सरकलेला असतो. म्हणजे तुम्ही दारात उभं राहून रस्त्याकडे तोंड केलं तर उजव्या हाताचा कोपरा. झाड तिथे लावायचं, डाव्या कोपऱ्यात लावलं तर सावली शेजाऱ्याला. (हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा या झाडाची आडकाठी होत नाही आणि कोवळं ऊन मिळतं, हा वरचा फायदा.)

कोणतं झाड? लोक बहावा सांगतात, फुलतो तेव्हा डोळे निवतात खरं, पण बहाव्याची पानं नेमकी उन्हाळ्यात झडतात, फुलं भरपूर आणि सावली विरळ. चाफ्याचं पण तसंच, हिवाळाभर नुसत्या फांद्या. सीताफळ पण उन्हाळ्यात उघडं. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून एप्रिलपर्यंत पुन्हा भरतो, सावलीला त्याच्यासारखा नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधायला पण तोच, पण २० फुटांच्या अंगणात तो मोठा होतो. तुमच्यासाठी मी बकुळ सांगेन. बारमाही हिरवी, दाट, मुळं त्यातल्या त्यात सभ्य, फुलांचा वास दारापर्यंत, फक्त हळू वाढते, तेवढा धीर पाहिजे. धीर नसेल तर पेरू लावा, तो पण हिरवा राहतो आणि पोरं खुश. झोक्यासाठी पोर्चच्या स्लॅबला हूक आत्ताच टाकून घ्या, झाडाची वाट बघत बसू नका.

बकुळ मोठी होईपर्यंत सावली कोण देणार तर वेल. गाडीच्या जागेवर जीआय पाइपचा मांडव करा, ८ फूट उंच, आणि एका खांबाशी मधुमालती सोडा. दोन उन्हाळ्यांत बऱ्यापैकी झाकते, संध्याकाळी वास, गाडीही तापत नाही. बोगनवेल पण जबरदस्त, पाणी कमी मिळालं तर उलट जास्त फुलते, पण काटे आहेत, टायरखाली आणि चालायच्या वाटेत नको, कंपाउंडवर द्या.

पूजेच्या फुलांसाठी तगर, जास्वंद, मोगरा, गोकर्ण, सदाफुली, बास. तगर बाराही महिने फुलत राहते आणि काही मागत नाही. मोगऱ्याला हिवाळ्याच्या शेवटी छाटा, उन्हाळ्यात बघा मग. जास्वंदावर पिठ्या ढेकूण येतो, आला की निंबोळी अर्क, फार झालं तर फांदी कापून टाका. कण्हेर आपल्या उन्हात एकदम पक्की, बकऱ्या पण तोंड लावत नाहीत म्हणून रस्त्याच्या बाजूला लोक लावतात, पण ती विषारी आहे, पिवळी बिट्टी पण, घरात रांगतं पोर असेल तर नको. एक्झोरा नर्सरीत फार सुंदर दिसतो, आपल्या चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडतात, पैसे वाया. सोनचाफ्याला पण ही माती आणि झळा मानवत नाहीत. केळ समोर लावू नका, हो, जळगावात राहून सांगतोय, पश्चिमेच्या गरम वाऱ्यात पानांच्या चिंध्या होतात, ती मागच्या मोरीपाशी लावा. कडीपत्ता, गवती चहा, कोरफड स्वयंपाकघराच्या बाजूला. तुळस दारासमोर, पण दुपारी मांडवाची सावली तिच्यावर यावी अशी.

आणि कोनोकार्पस कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. झटपट हिरवी भिंत होते म्हणून नर्सरीवाले गळ्यात मारतात, मुळं पाइपलाइनच्या मागे लागतात. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे अजून रांगाच्या रांगा लागताहेत.

ठिबकचं माझ्या धंद्याचं म्हणून दोन शब्द जास्त. गच्चीवरची टाकी १५ फुटांवर असली तर प्रेशर साधारण अर्धा किलो मिळतं. म्हणून साधा ४ लिटरचा ड्रीपर (नळीवरचं थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड, एक किलो प्रेशरला तासाला ४ लिटर देणारं) तिथे तासाला पावणेतीन लिटरच देतो, दीड तास चालवला की झाडाला ४ लिटर. दुकानदार महागडा प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर (प्रेशर कमी-जास्त झालं तरी सारखंच पाणी देणारा) देत असेल तर तो नको, त्याला एवढं प्रेशर पुरत नाही. १६ एमएमची नळी, एक छोटा जाळीचा फिल्टर, एक व्हॉल्व्ह, एवढंच लागतं. बोअरचं पाणी असेल तर क्षाराने ड्रीपर बुजतात, अधूनमधून उघडून धुवा. पाणी सकाळी लवकर सोडा, दुपारी काळ्या नळीतलं पाणी चहाएवढं गरम असतं. खारूताई उन्हाळ्यात नळी कुरतडतात, त्यांना तहान लागलेली असते, एक परळ पाण्याचं भरून ठेवा आणि रोज बदला, नाहीतर डासांची पैदास. एसीचं पाणी झाडांना खुशाल द्या. कुलरचं उरलेलं मात्र रोज रोज एकाच कुंडीत ओतू नका, पाणी उडून जातं आणि क्षार खाली साचतात.

मुरूम, फरशी, मांडव, नळी हे आत्ता उन्हाळ्यात उरकून घ्या, झाडं मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर. आणि पहिल्या वर्षी कमी लावा, मोकळं दिसलं तरी चालेल.

एक राहिलं, सेप्टिक टँक पुढे आहे की मागे ते तुम्ही लिहिलं नाही. पुढे उजव्या हाताला असेल तर बकुळीची जागा बदलावी लागेल, तेवढं सांगा, शक्य असेल तर हाताने काढलेला नकाशा टाका, मग नळी कुठून न्यायची ते पण सांगतो.