योविच तेराव्या वर्षी बास्केटबॉलकडे वळला आणि एनबीएत पोहोचला. माझ्या मुलाला उशीर झालाय का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, पाच वर्षं पोहतोय, उंची भराभर वाढतेय. आणि सर्बियाचा बास्केटबॉलपटू निकोला योविच याच्याबद्दल वाचल्यापासून पोहणं सोडून बास्केटबॉल खेळायचंय असा त्याने हट्ट धरलाय. उशीर झाला का, आणि योविचचं उदाहरण धरून चालावं का, असं तुम्ही विचारता.

उशीर झालेला नाही. उदाहरणाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. मी विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळले, आता संध्याकाळी मैदानावर मुलामुलींना शिकवते, आणि सर्बियाचं बास्केटबॉल गेली कित्येक वर्षं जीव लावून बघते. योविच बेलग्रेडच्या मेगा या क्लबाच्या संघात होता तेव्हापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजी स्पेलिंग बघून आपल्याकडे 'जोविक' म्हणतात, पण सर्बियन भाषेत तो उच्चार 'योविच' असा होतो. डेन्व्हरचा सुप्रसिद्ध निकोला योकिच वेगळा. दोघांचं नाव एक, आडनावात एका अक्षराचा फरक, दोघेही मेगा याच क्लबातून आलेले, त्यामुळे लोकांची गल्लत होते. तुमचा मुलगा ज्याच्याबद्दल बोलतोय तो एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, मायामी हीट या संघाचा, ९ जून २००३ रोजी जन्मलेला.

जन्म कुठला, तर इंग्लंडमधल्या लेस्टरचा. याचं कारण त्याचे वडील स्वतः व्यावसायिक बास्केटबॉलपटू होते आणि तेव्हा तिथे खेळत होते. 'तेराव्या वर्षी सुरुवात केली' हे वाक्य वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. तोवर तो वॉटर पोलो खेळत होता हे खरं, पण घरात बास्केटबॉल होताच. शिवाय वॉटर पोलो हा सर्बियात मागे पडलेल्या मुलांचा खेळ नाही. त्यांच्या पुरुष संघाने २०१६, २०२० आणि २०२४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आहेत. पाण्यात पाय टेकायला जमीन नसताना एका हातात चेंडू धरायचा, पाठीला प्रतिस्पर्धी चिकटलेला असताना मान वळवून साथीदार शोधायचा आणि पास द्यायचा. हे सगळं केलेला मुलगा कोर्टवर आला तर तो कोरी पाटी घेऊन येत नाही. तुमच्या मुलाच्या पाच वर्षांच्या पोहण्याकडेही तसंच बघा. दमसास आणि खांदे तयार आहेत. चेंडूची ओळख नवीन करून घ्यावी लागेल.

आता उंची. योविच आज २०८ सेंटिमीटर आहे, म्हणजे सहा फूट दहा इंच. आपल्याकडे एवढ्या उंचीची लक्षणं दाखवणारं पोर मैदानावर आलं की त्याला पहिल्याच दिवशी रिंगखाली उभं करतात आणि सांगतात, 'हात वर कर, रिबाउंड घे, चेंडू लगेच गार्डला दे.' (रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, गार्ड म्हणजे चेंडू खेळवत पुढे आणणारा.) हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आणि सुरुवातीची काही वर्षं मीही हेच केलं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. सर्बियाच्या शिकवणीत लहानपणी सगळ्यांना सगळं शिकवण्यावर भर असतो. ड्रिबल, दोन्ही हातांनी पास, चालत्या पायांवर शॉट, हे रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरलाही यावंच लागतं. योविच गार्डसारखा चेंडू घेऊन पुढे येतो, समोरच्याला हुलकावणी देतो, कोपऱ्यातल्या साथीदाराला डोक्यावरून पास टाकतो. हे त्याला उंची वाढल्यावर चिकटवलेलं नाही. तो तेच खेळत होता आणि उंची त्याच्या मागून आली.

आता मेगाबद्दल. त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर या क्लबाशिवाय पर्याय नाही.

बेलग्रेडमध्ये दोन मोठे क्लब आहेत, त्स्र्वेना झ्वेज्दा आणि पार्टिझान. त्यांचं वैर आपल्या भारत-पाकिस्तान सामन्यासारखं. प्रेक्षक, पैसा, युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, सगळं तिथे. पण या क्लबांना दर आठवड्याला जिंकायचं असतं, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाच्या चुका सहन करायला त्यांना वेळ नसतो. मेगाने नेमकी हीच जागा धरली. या क्लबामागे मिशको राझ्नातोविच हा युरोपातला फार मोठा एजंट उभा आहे. वर्तमानपत्रात छापलेले सामन्यांचे आकडे वाचून त्याने सोंबोर गावच्या पोरसवदा योकिचला शोधलं, ही गोष्ट सर्बियात सगळ्यांना ठाऊक आहे. मेगाचं गणित सरळ आहे. तरुण मुलं घ्यायची, त्यांना मोठ्यांच्या लीगमध्ये भरपूर मिनिटं खेळवायची, आणि ती पुढे गेली की त्याचा मोबदला क्लबाला मिळतो. एजंट आणि क्लब एकाच धाग्यात बांधलेले असणं मला पूर्णपणे रुचत नाही, कारण उद्या मुलाचं हित आणि क्लबाचं हित वेगळं निघालं तर त्याच्या बाजूने कोण बोलणार? पण जे घडलं ते नाकारता येत नाही. एनबीएचे संघ दरवर्षी ज्यात क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये २०१४ या एकाच वर्षी या क्लबातून योकिच, वासिलिये मिचिच आणि नेमान्या दांगुबिच असे तिघे निवडले गेले. पुढे इवित्सा झुबात्स, गोगा बिताद्झे आले, त्यानंतर आपला योविच. यातल्या पुष्कळांना घडवणारा प्रशिक्षक देयान मिलोयेविच पुढे एनबीएतल्या गोल्डन स्टेट संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. जानेवारी २०२४ मध्ये संघाबरोबर सॉल्ट लेक सिटीत असताना तो अचानक गेला. वय अवघं ४६. त्या दिवशी मला मुलांना शिकवायला जाववलं नाही.

योविच मोठ्यांच्या संघात आला २०२०-२१ च्या हंगामात, सतरा वर्षांचा असताना. तोवर मेगाची धुरा व्लादिमीर योवानोविच या प्रशिक्षकाकडे आली होती. ज्या एबीए लीगमध्ये मेगा खेळतो तिच्यात सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, माँटेनेग्रो, बोस्निया अशा मुख्यतः जुन्या युगोस्लाव्हियातल्या देशांचे क्लब एकमेकांशी भिडतात. तिथे तिशीतली, अंगाने दणकट, दहा-दहा वर्षं पगार घेऊन खेळलेली माणसं समोर असतात. पोरगा म्हणून कुणी सोडत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात लाटव्हियात १९ वर्षांखालील विश्वचषक झाला, तिथे सर्वोत्तम पाचांत त्याची निवड झाली. बाकीचे चार कोण होते बघा, सगळे पुढे एनबीएत पोहोचलेले: चेट होल्मग्रेन, व्हिक्टर वेंबान्यामा, झॅक ईडी, जेडन आयव्ही. मग २०२१-२२ चा पूर्ण हंगाम मेगाकडून. सामन्याला सरासरी ११-१२ गुण आणि लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार. त्या हंगामातले त्याचे सामने मी बघितलेत. काही सामन्यांत तो चेंडू घालवायचा, बचावात मागे पडायचा, आणि तरी पुढच्या क्वार्टरला कोर्टवर असायचा. हीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. तेराव्या वर्षी सुरू केलं की दहाव्या, यापेक्षा चुकल्यावर पुन्हा मैदानात सोडणारं कुणीतरी त्याला सतराव्या-अठराव्या वर्षी मिळालं, याने त्याची कारकीर्द घडली.

मला ते मिळालं नव्हतं. सोळा-सतराव्या वर्षी मी ज्या क्लबात होते तिथे मोठ्या मुलींच्या सामन्यांना मला न्यायचे, बाकावर बसवायचे, आणि शेवटची दोन मिनिटं उरली की उतरवायचे. दोन हंगाम असेच गेले. सराव रोज चार तास, खेळ दोन मिनिटं. पुढे विद्यापीठात खेळायला मिळालं तेव्हा हात चालायचे, पण निर्णय घ्यायला मी अर्धा क्षण उशीर करायचे. तो अर्धा क्षण नंतर कधी भरून निघाला नाही.

जून २०२२ मध्ये मायामीने योविचला ड्राफ्टमध्ये २७ व्या क्रमांकावर निवडलं. बातमीत कथा इथे संपते, पण अवघड काळ इथून सुरू झाला. पहिल्या हंगामात तो एनबीएचे फक्त १५ सामने खेळला. पाठीच्या दुखण्याने महिनोन्‌महिने बाहेर राहिला. मधे त्याला सू फॉल्स या शहरातल्या मायामीच्या छोट्या संघाकडे, जी-लीग या एनबीएखालच्या लीगमध्येही पाठवलं. आणि गंमत अशी की त्याच वर्षी मायामी थेट अंतिम फेरीत गेली, समोर योकिचची डेन्व्हर. चौथा सामना मायामीत ९ जून २०२३ ला झाला, योविचच्या विसाव्या वाढदिवशी. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती, मी चहा घेऊन बसले होते. डेन्व्हरने १०८-९५ ने जिंकला. पुढचा सामना जिंकून योकिच विजेता झाला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही. त्याच क्लबातून आलेला दुसरा निकोला त्या मालिकेत हीटच्या योजनेबाहेर होता.

तीनच महिन्यांनी तोच मुलगा मनिलात विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होता, सर्बियाच्या सुरुवातीच्या पाचांत. योकिच त्या स्पर्धेला आला नव्हता, मिचिचही नव्हता. प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच ७४ वर्षांचे. २००२ मध्ये त्यांनी युगोस्लाव्हियाला जगज्जेतं केलं होतं तेव्हा योविच जन्मलाही नव्हता. त्यांनी या वीस वर्षांच्या पोरावर विश्वास टाकला. त्याच स्पर्धेत दक्षिण सुदानविरुद्ध बोरिशा सिमानिचला कोपर लागलं आणि त्याचं एक मूत्रपिंड काढावं लागलं. संघाने ते दुःख पोटात घेऊन लिथुआनियाला आणि मग उपांत्य फेरीत कॅनडाला ९५-८६ ने हरवलं. अंतिम सामन्यात जर्मनीने ८३-७७ ने मात केली. एनबीएत जागा न मिळालेला मुलगा देशासाठी रौप्यपदक घेऊन परतला, आणि त्यानंतरच्या मोसमात मायामीनेही त्याला हळूहळू सुरुवातीच्या पाचांत आणलं. मिनिटं मिळाली की तो फुलतो, हे मी मेगात बघितलं होतं, मनिलात पुन्हा बघितलं.

पॅरिस ऑलिंपिकला तो संघात होता, पण योकिच, मिचिच, बोगदानोविच सगळे आल्यावर त्याची भूमिका लहान झाली. उपांत्य सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला होता. सर्बिया अमेरिकेविरुद्ध १७ गुणांनी पुढे होती आणि शेवटी ९५-९१ ने हरली. मी पहाटेपर्यंत झोपू शकले नाही. नंतर जर्मनीला हरवून त्यांनी कांस्यपदक मिळवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये योविचचा उजवा हात मोडला, तोही त्याचा तोवरचा सगळ्यात चांगला हंगाम चालू असताना. सामन्याला दहाहून जास्त गुण होत होते. त्या सप्टेंबरात युरोबास्केट या युरोपीय देशांच्या स्पर्धेत सर्बिया फिनलंडकडून हरून शेवटच्या सोळांतच बाहेर पडली, सगळा देश हळहळला. आणि ऑक्टोबरात मायामीने त्याच्याशी चार वर्षांचा, सहा कोटी डॉलरहून मोठा करार केला.

हे सगळे चढउतार मुलाला सांगा. आणि हेही सांगा की सर्बियाची लोकसंख्या पासष्ट-सहासष्ट लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची चौऱ्याण्णव लाख होती. तिथे न्यू बेलग्रेडच्या वसाहतींमध्ये इमारतींच्या मधे कोर्ट आहेत, जुन्या किल्ल्याच्या परिसरात, कालेमेग्दानला, कोर्ट आहेत. खेळाला ते 'कोशार्का' म्हणतात. एखाद्या मुलाने तेराव्या वर्षी खेळ बदलला तरी त्याला पुढे कुठे जायचं ते तिथे ठरलेलं असतं. आपल्याकडे ती वाट तुम्हाला स्वतः शोधावी लागेल.

म्हणून पोहणं एकदम तोडू नका, आठवड्यातून दोन दिवस राहू द्या. वाढत्या वयात गुडघ्यांना आणि पाठीला त्याचा उपयोगच होईल. योविचची पाठ एकोणिसाव्या वर्षी दुखावली हे विसरू नका. क्लब निवडताना कोर्ट लाकडी आहे का, बूट कुठले देतात, हे नंतर विचारा. त्याच्या वयोगटाचे वर्षात किती सामने होतात आणि नवीन मुलाला त्यात किती वेळ उतरवतात, हे आधी विचारा. जमलं तर एक सामना जाऊन बघा. एखाद्या मुलाकडून चेंडू गेला की प्रशिक्षक काय करतात, त्याला बाहेर बोलावतात की खेळू देतात, ते बघा. आणि पहिल्या दिवशी कुणी तुमच्या मुलाला उंची बघून रिंगखाली उभं करू लागलं, तर नम्रपणे सांगा की त्याला वर्षभर तरी चेंडू हाताळू द्या.

त्याची उंची आणि तुमची दोघांची उंची कळवलीत, तर सुरुवातीच्या तीन महिन्यांत घरी काय करता येईल ते लिहून देते. डाव्या हाताने ड्रिबल आजपासून सुरू करायला हरकत नाही, त्याला क्लब लागत नाही.