हाताने घडवलेली कस्टम पूल क्यू, म्हणजे पूल या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायची काठी, खरंच इतक्या पैशांच्या लायकीची असते का?

खेळ सुधारेल म्हणून घेणार असाल तर नको. चांगली कारखान्यातली क्यूही चेंडू तितकाच सरळ मारते. कारागिराची क्यू घ्यायची ती लाकडासाठी आणि त्याच्या हातकौशल्यासाठी.

पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, बहुतेकदा हार्ड मेपल या टणक लाकडाचा. चांगला कारागीर तो एका दमात तासत नाही. थोडं तासतो, काही आठवडे टांगून ठेवतो, पुन्हा थोडं तासतो. लाकडाला वाकायचंच असेल तर ते कारागिराकडेच वाकावं, तुमच्या हातात आल्यावर नव्हे! मागच्या भागातले टोकदार त्रिकोण नीट निरखा. जुन्या पद्धतीत ते वरून चिकटवलेली नक्षी नसून दोन लाकडं एकमेकांत रुतवून केलेला सांधा असतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा कारागीर जॉर्ज बालाबुश्का १९५९ पासून १९७५ मध्ये वारेपर्यंत क्यू बनवत होता; सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे तयार सांधेच वापरायचा. त्याच्या क्यू आज संग्राहक जपून ठेवतात.

वजन साधारण १८ ते २१ औंस, लांबी ५८ इंच. पण आकड्यांपेक्षा तोल महत्त्वाचा, आणि तो हातात धरल्याशिवाय कळत नाही.

एक मात्र सांगतो: मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीतही नको. केसमध्येच ठेवा. आणि कपाटात पूजेला लावू नका हो, खेळा तिने.